आकाशातला डॉक्टर आणि जमिनीवरचा पगार

तर झालं असं. गेल्या शुक्रवारी हिंजवडीत कँटीनमध्ये जेवायला बसलो होतो. आमच्या टीममधला एक मित्र (चांगला मित्र आहे, म्हणूनच एवढं लिहितोय) लॅपटॉप उघडूनच आला. ऑस्ट्रेलियातल्या उडत्या डॉक्टरांचा व्हिडिओ. लाल माती, मधोमध एक धावपट्टी, विमान उतरतं, डॉक्टर पळत येतो, शेतकऱ्याचा जीव वाचतो. मागे व्हायोलिन वगैरे. व्हिडिओ संपला आणि याने प्रेझेंटेशन सुरू केलं. आपण दोनशे जण, प्रत्येकी पन्नास हजार, झाले एक कोटी. त्यातून मराठवाड्यासाठी हेलिकॉप्टर आणि डॉक्टर. दुर्गम भागातल्या पेशंटपर्यंत थेट आकाशातून.

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू बीडचा ना? तुझ्या गावात हेलिपॅड कुठे करता येईल सांग."

हेलिपॅडचं काय अवघड आहे म्हटलं. निवडणूक आली की आमच्याकडे एका रात्रीत हेलिपॅड होतं. रोलर फिरतो, पाणी मारतात, चुन्याने गोल आखून मधोमध एच काढतात. नेते उतरतात, भाषण करतात, उडून जातात. पोरं धूळ खात हात हलवतात.

सगळे हसले. मी पण हसलो. पण जेवण गोड लागलं नाही, आणि शनिवार-रविवार डोक्यात तेच राहिलं. म्हणून हे लिहितोय.

आधी गावाबद्दल सांगतो. युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड. एका बाजूला केज, एका बाजूला अंबाजोगाई, आणि मांजरा ओलांडली की कळंब. जवळच धनेगावचं धरण. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास कोयते घेऊन माणसं ऊसतोडीला निघून जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. मागे राहतात म्हातारी माणसं, पोरं आणि शेतातल्या आखाड्यांवर रात्री दारं धरणारे शेतकरी. रात्री का? तर शेतीपंपाची लाईट पाळीपाळीने रात्रीची येते म्हणून.

पण हे ऐका. युसूफ वडगाव 'दुर्गम' नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 पासून उभं आहे, आणि आमच्या गावापासून ते गाडीने फार तर पाऊण तास. पाऊण तास म्हणजे बाणेरहून हडपसरला संध्याकाळी सहा वाजता जायला जेवढा लागतो त्याच्यापेक्षा कमी! तरी माणसं वाटेत मरतात. का मरतात, ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या एका मरणात माझाही हात आहे.

2009 ची गोष्ट. गावची आम्ही सात-आठ पोरं पुण्यात नोकरीला लागलो होतो. पहिल्यांदाच हातात पैसा. गणपतीत गावाकडे गेलो की काहीतरी करायला पाहिजे असं सारखं वाटायचं. वर्गणी काढली, ओळखीतून आणखी पैसे जमवले, आणि गावासाठी एक जुनी व्हॅन घेऊन तिची रुग्णवाहिका केली. आत स्ट्रेचर, ऑक्सिजनचा सिलिंडर, वर लाल-निळा दिवा. दोन्ही बाजूंना देणगीदारांची नावं रंगवली. माझं नाव डाव्या बाजूला, चाकाच्या वर. नारळ फोडला, फीत कापली, पेढे वाटले. तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये होता परवापर्यंत.

ड्रायव्हर कोण? गावातला एक पोरगा 'येतो की' म्हणाला. डिझेल? 'पेशंटवाले टाकतील.' डॉक्टर? हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. खरंच सांगतो, सात-आठ शिकलेली माणसं, त्यातली चौघं सॉफ्टवेअरवाली, आणि रुग्णवाहिकेत पेशंटजवळ कोण बसणार हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्या पोराला तळेगावला कंपनीत काम लागलं. विम्याचा हप्ता कोणी भरायचा यावर फोनवर दोन महिने चर्चा. मग बॅटरी उतरली. मग टायर. 2011 मध्ये मी गावी गेलो तेव्हा गाडी एका भिंतीला टेकून उभी होती आणि स्ट्रेचरवर कोंबडी अंड्यावर बसलेली.

2012 च्या पावसाळ्यात नाना गेले. नाना म्हणजे माझे चुलते. पाळीची लाईट होती म्हणून आखाड्यावर झोपले होते, खाली पोतं टाकून. मण्यार चावली. मण्यारीचं असं असतं की दात बारीक, डंख कळत पण नाही, सूज नाही, रक्त नाही. पहाटे चारला उठले ते पोट धरून. "पोटात लई कालवायलंय." काकूला वाटलं पित्त आहे. लिंबूसोडा दिला. अर्ध्या-पाऊण तासाने म्हणाले, "डोळे उघडंना गेलेत." पापण्या खाली येत होत्या. हे मण्यारीच्या विषाचं लक्षण आहे हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं, आणि पुण्यात बसलेल्या मलाही नव्हतं.

जीप शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. आमची रुग्णवाहिका ज्या भिंतीला टेकून उभी होती त्याच भिंतीवरून चुलत भाऊ जीपवाल्याच्या घरी पळत गेला. अंबाजोगाईच्या वाटेवर, हॉस्पिटल अजून दहा-बारा किलोमीटर असताना, नानांचा श्वास थांबला. छाती हलायची बंद झाली. जीपमध्ये चार माणसं होती. चौघंही नुसती बघत राहिली, कारण काय करायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं.

नंतर तिथल्या एका तरुण डॉक्टरने मला जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. ते म्हणाले, मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. हृदय चालूच असतं. वाटेत कोणीतरी फुग्याने श्वास देत राहिलं असतं तर इथे आम्ही व्हेंटिलेटर लावला असता, सापाची लस दिली असती, आणि काही दिवसांनी ते घरी गेले असते. फुगा म्हणजे अँबू बॅग. रबरी पिशवी, पुढे मास्क. तोंडावर घट्ट धरायचा आणि दर पाच-सहा सेकंदांनी दाबायचा. दीड-दोन हजाराला मिळते.

आता सांगा, नानांना हेलिकॉप्टर पाहिजे होतं का?

पहाटेचे चार. पावसाळा, ढग खाली आलेले. आपल्याकडे बहुतेक हेलिपॅडवर रात्री उतरायची सोयच नसते, उसाच्या फडाशेजारी तर सोडूनच द्या. हेलिकॉप्टर मोठ्या शहरात उभं असणार. तिथून पायलट तयार व्हायचा, परवानगी यायची, उजाडायचं, ढग हटायचे. तेवढ्यात आमच्या गावातून अंबाजोगाईला तीन फेऱ्या झाल्या असत्या. नानांना पाहिजे होता गाडीत शेजारी बसून फुगा दाबणारा एक माणूस. बस्स.

हे मी हेलिकॉप्टरवर राग म्हणून बोलत नाही. ज्या व्हिडिओवर आमचा मित्र फिदा झाला त्या उडत्या डॉक्टरांची गोष्ट नीट वाचली तर तीच गोष्ट हेच सांगते. जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्याने ही सेवा सुरू केली. पहिलं उड्डाण क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी गावातून, 17 मे 1928 ला. विमान फ्लिनने विकत घेतलं नव्हतं. क्वांटास तेव्हा लहान कंपनी होती, तिच्याकडून मैलाला दोन शिलिंग दराने ते भाड्याने घेतलं होतं. उडेल तेवढे पैसे. पायलटही त्यांचाच. पहिल्या वर्षी पन्नास उड्डाणं झाली आणि सव्वादोनशे रुग्ण पाहिले गेले.

आणि विमान असून तरी काय? शेकडो मैलांवरच्या माणसाने डॉक्टरला बोलवायचं कसं? तर 1929 मध्ये आल्फ्रेड ट्रेगरने पायाने चालवायचा रेडिओ केला, सायकलसारखे पॅडल मारायचे आणि वीज तयार करायची. पुढे 1942 पासून लांबलांबच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या. प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवर सांगणार, अमुक नंबरची गोळी द्या, तमुक नंबरचं मलम लावा. म्हणजे पहिला इलाज जागेवरच, शेजारच्या माणसाच्या हातून. विमान सगळ्यात शेवटी. आपण व्हिडिओत बघतो फक्त तो शेवट.

लंडनचं उदाहरण तर आणखी भारी. तिथली एअर अँब्युलन्स 1989 पासून आहे, जगात नाव आहे तिचं. अपघाताच्या जागी रस्त्यावर छाती उघडून ऑपरेशन करणारे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे. हीच एअर अँब्युलन्स अंधार पडला की मोटारीतून जाते! तेच डॉक्टर, तेच सामान, फक्त चार चाकं. कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे की ते पेशंटपर्यंत हेलिकॉप्टर नाही, डॉक्टर पोचवतायत.

आता पैशाचं बघू, कारण खरा मुद्दा तोच आहे. या सेवा चालतात कशावर? एकदा दिलेल्या कोटीवर नाही. स्वित्झर्लंडची रेगा 1952 ची. तिचे तीस लाखांहून जास्त वर्गणीदार आहेत, देशाची लोकसंख्याच नव्वद लाखांच्या आसपास. एका माणसाची वर्षाची वर्गणी साधारण चाळीस फ्रँक. इंग्लंडमध्ये एअर अँब्युलन्स धर्मादाय संस्था चालवतात, आणि त्यांचा मोठा आधार आहे आठवड्याला एक-दोन पौंडांची लॉटरी. जर्मनीत 1970 मध्ये म्युनिकहून 'क्रिस्टोफ 1' उडालं, मोटारवाल्यांच्या क्लबच्या पुढाकाराने, पण रोजचा खर्च मुख्यतः आरोग्य विम्यातून निघतो. ऑस्ट्रेलियात आज मोठा वाटा सरकार उचलतं. सगळीकडे एकच प्रकार. छोटा पैसा, पण दर महिन्याला, दर वर्षाला, न चुकता.

आणि आपण? आपल्याला लाँच आवडतं. आपल्या धंद्यातच बघा ना. नवीन प्रॉडक्ट निघालं की केक, टी-शर्ट, सीईओचा मेल. रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की फोन उचलणाऱ्या पोराला कोणी केक देत नाही. आणि सगळ्यांना माहीत असतं की सिस्टिम त्याच्यावरच चालली आहे. मग हीच अक्कल दान देताना कुठे जाते?

सरकारही काही वेगळं नाही. खासदार निधीतून रुग्णवाहिका घेता येते. तिचं डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार त्यातून देता येत नाही. नियमच तसा आहे. म्हणून दर काही महिन्यांनी पेपरात फोटो येतो, हिरव्या झेंड्याचा, ओळीने उभ्या पांढऱ्या गाड्यांचा. त्याच गाड्या तीन वर्षांनी कुठे आहेत याचा फोटो कधी बघितलाय?

आपल्याकडे 'एअर अँब्युलन्स' म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? ऑगस्ट 2012 मध्ये विलासराव देशमुखांना मुंबईच्या हॉस्पिटलमधून चेन्नईच्या हॉस्पिटलमध्ये विमानाने नेलं होतं. जानेवारी 2023 मध्ये परळीत धनंजय मुंडे यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यांना लातूरहून एअर अँब्युलन्सने मुंबईला हलवलं. यात काही चूक आहे असं मी म्हणत नाही. जीव जीवच असतो, कोणाचाही. पण हे उडते डॉक्टर नव्हेत. ही एका चांगल्या हॉस्पिटलमधून दुसऱ्या जास्त चांगल्या हॉस्पिटलमध्ये जायची सोय आहे, आणि ती ज्याला परवडते किंवा ज्याच्यासाठी फोन जातो त्याला मिळते. अपघाताची जागा ते पहिला डॉक्टर, हे जे अंतर आहे, ते तिथे तसंच राहतं.

आणि ते अंतर मोठ्या माणसालाही सोडत नाही. विनायक मेटे आमच्याच केज तालुक्यातले. 14 ऑगस्ट 2022 ला पहाटे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर त्यांच्या गाडीला अपघात झाला. तासभर मदत मिळाली नाही, असं त्यांच्या ड्रायव्हरने तेव्हा माध्यमांना सांगितलं. मेटे त्यात गेले. देशातला सगळ्यात गाजलेला रस्ता, दोन्ही बाजूंना दोन महानगरं, गाडीत राज्याला माहीत असलेला नेता. तिथे ही बोंब, तर आखाड्यावर पोट धरून बसलेल्या नानांनी कोणाकडे बघायचं?

सरकारी पातळीवर काही खरे प्रयत्न झालेत, ते नाकारायचं नाही. ओडिशाने 2018 मध्ये मलकानगिरीसारख्या जिल्ह्यांत तज्ज्ञ डॉक्टरांना विमानाने पाठवायला सुरुवात केली. म्हणजे पेशंटला न उडवता डॉक्टरला उडवलं. मला ही कल्पना फार आवडते. मध्य प्रदेशने 2024 मध्ये आयुष्मान कार्डवाल्यांसाठी मोफत एअर अँब्युलन्स आणली. ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली, आणि 17 मे 2025 ला ते हेलिकॉप्टर पेशंटला आणायला जाताना केदारनाथला उतरताना आपटलं, शेपटी तुटली. आतली माणसं वाचली हे नशीब. योगायोग बघा, क्लॉनकरीच्या पहिल्या उड्डाणाचीच तारीख. यावरून 'बघा, हेलिकॉप्टर वाईट' असं कोणी म्हणू नये. पण एकच हेलिकॉप्टर असलं आणि ते आपटलं की सेवा संपते, हे मात्र लक्षात ठेवावं. आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

माझं म्हणणं आहे की हेलिकॉप्टर पाहिजेच, पण जिथे रस्ताच नाही तिथे. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा चढली की गाव बेट होतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे पेशंटला झोळीत घालून दोन माणसं बांबूवर खांद्याने नेतात, लोकांनी त्याला 'बांबुलन्स' नाव दिलंय. तिथे हेलिकॉप्टर, तिथे बोट, जे लागेल ते. आणि ते सरकारनेच द्यायला पाहिजे, आपल्या टॅक्समधून, हक्क म्हणून. भामरागडच्या गरोदर बाईचा जीव हिंजवडीतल्या दोनशे लोकांच्या अप्रेझलवर अवलंबून असता कामा नये. यावर्षी हाइक चांगली नाही मिळाली म्हणून हेलिकॉप्टर बंद? असं चालेल?

आता आमच्याकडची दुसरी गोष्ट, म्हणजे फक्त रडगाणं गातोय असं वाटायला नको.

2014 मध्ये राज्यात 108 ची सेवा सुरू झाली. 937 गाड्या. 2011 च्या जनगणनेने भागलं तर एका गाडीमागे साधारण एक लाख वीस हजार माणसं आणि सव्वातीनशे चौरस किलोमीटर. कमीच आहे. पण या सेवेत एक गोष्ट फार शहाणपणाची केली. प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवला. बहुतेक बीएएमएस. अनेक राज्यांत 108 च्या गाडीत तंत्रज्ञ असतो, इथे डॉक्टर.

2022 च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या पोराला मण्यार चावली. वय सतरा. तेच सगळं. पहाट, पोटदुखी, पापण्या. फरक एवढाच की यावेळी काकूने ओळखलं. दहा वर्षं तिच्या डोळ्यासमोरून ते हललंच नव्हतं. तिने शेजारच्या बाईला ओरडून सांगितलं, "पित्त न्हाई हे, गाडी बोलवा." 108 ला फोन केला, पस्तीस मिनिटांनी गाडी आली. आत एक डॉक्टर मॅडम, फार तर सत्तावीस-अठ्ठावीसच्या. वाटेत पोराचा श्वास मंदावला. मॅडमनी फुगा काढला आणि दाबायला लागल्या. हात भरून आले तेव्हा पोराच्या बापाला म्हणाल्या, "मी मास्क धरते, तुम्ही दाबा. मी आकडे मोजते तसं दाबा." अंबाजोगाईपर्यंत दोघं आळीपाळीने दाबत होते. पोरगं आठवडाभर व्हेंटिलेटरवर होतं. आता आयटीआय करतंय. परवा मला मोटारसायकल घेऊ का म्हणून विचारत होतं :)

मी त्या मॅडमना नंतर फोन केला होता, आभार मानायला. बोलता बोलता पगार विचारला. आकडा सांगत नाही, पण आपल्याकडे फ्रेशरला ट्रेनिंगच्या काळात त्याच्यापेक्षा जास्त मिळतं. कंत्राटी नोकरी. रात्रपाळी. आणि पीजीची तयारी चालू, सीट मिळाली की सोडणार. का सोडू नये? मी असतो तर मीही सोडली असती.

आता कळलं मला काय म्हणायचंय? युसूफ वडगावचा उडता डॉक्टर म्हणजे ह्या मॅडम. त्या टिकल्या तर पोरं वाचतील.

मित्राने यावर तीन आक्षेप घेतले. तिन्ही प्रामाणिक होते, म्हणून उत्तर देतो.

पहिला, 'पण हे सरकारचं काम आहे.' हो, आहे. मग हेलिकॉप्टर कोणाचं काम होतं? गंमत आहे ना, पगाराचं नाव काढलं की सरकार आठवतं आणि हेलिकॉप्टरचं नाव काढलं की समाजसेवा. सरकारला विचारायलाच पाहिजे. तालुक्यावार गाडी किती मिनिटांत पोचली याचे आकडे दर महिन्याला जाहीर करा, गाडीतल्या डॉक्टरची खुर्ची किती रात्री रिकामी होती ते सांगा. आपल्यातली निम्मी माणसं दिवसभर डॅशबोर्ड बनवतात. हा एक डॅशबोर्ड मागायला काय जातं?

दुसरा, 'पगारात पैसे दिले की ते खाल्ले जातात, वस्तू दिली की ती दिसते.' आमची व्हॅन दिसत होती की! तीन वर्षं सगळ्या गावाला दिसत होती. नानांना घेऊन गेलेल्या जीपमधूनही दिसली असणार.

तिसरा आक्षेप जरा भारी होता. 'अरे, मोठं स्वप्न दाखवल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत. फुगा दाबायला कोण पन्नास हजार देणार?' याला माझ्याकडे उत्तर म्हणून एक माणूस आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर. मूळचे आमच्या मराठवाड्यातले, जालन्याकडचे. 1976 मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं पटापट जायची, शंभरातली तीस-चाळीस. बावस्कर पेशंटजवळ रात्र रात्र बसले, बघितलं, लिहून काढलं, आणि रक्तदाबाची एक साधी गोळी, प्रॅझोसिन, यावर चालते हे दाखवून दिलं. 1980 च्या दशकात त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. 2022 मध्ये पद्मश्री. स्वप्न मोठं पाहिजे ना? मग हे घ्या. एक डॉक्टर, एका जागी टिकून, आणि हातात चार रुपयांची गोळी.

सापाचंही तेच आहे. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत अंदाजे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला 58 हजार. केंद्राने 2024 मध्ये आराखडा केला, 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे. लस आपल्या हाफकिनमध्येच होते, पिंपरीत घोडे पाळून. कंपनीच्या बसने जाता-येता आपण पिंपरी रोज ओलांडतो. म्हणजे लस आहे, अंबाजोगाईला व्हेंटिलेटर आहे, रस्ता आहे. नाही काय, तर मधल्या पाऊण तासात फुग्यावर हात.

आता हिशेब. एक कोटीत वैद्यकीय हेलिकॉप्टर येत नाही. दोन इंजिनांचं घ्यायचं तर कित्येक कोटी, भाड्याने घ्यायचं तर तासाला लाखांत. म्हणजे आपले दोनशे जणांचे एक कोटी काही दिवसांत हवेत. शब्दशः. तेच पन्नास हजार प्रत्येकाने एकदम न देता महिन्याला हजार दिले तर पन्नास महिने जातात, चार वर्षांच्या वर. वर्षाला चोवीस लाख. मी आमच्या भागातले पगार धरून मांडणी केली. एका गाडीवर तीन पाळ्या, तीन डॉक्टर, तीन ड्रायव्हर, डिझेल, टायर, विमा, ओढूनताणून बसतं. किंवा स्वतंत्र गाडी न ठेवता 108 च्या जोडीला दोन डॉक्टर नेमायचे, जे केज तालुक्यात गावोगाव फिरून आशाताईंना, जीपवाल्यांना, दहावी-बारावीच्या पोरांना मण्यारीची लक्षणं ओळखायला आणि फुगा दाबायला शिकवतील. दर सहा महिन्यांनी पुन्हा, कारण हात विसरतो. प्रत्येक वस्तीवर एक पिशवी, ऑस्ट्रेलियातल्या औषधपेटीसारखी. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो. पण पहिला निवडलात तरी भांडणार नाही.

अट एकच. कुठेही नाव रंगवायचं नाही. आणि पैसे एकरकमी घ्यायचे नाहीत, बँकेला सांगून दर महिन्याला कापून जाऊ द्यायचे. ज्याला एकदम पन्नास हजार देऊन मोकळं व्हायचंय त्याला नम्रपणे नाही म्हणायचं. कारण मोकळं होणं हाच तर आमचा 2009 चा रोग होता. व्हॅनवर नाव रंगवलं त्या दिवशी आम्ही मोकळे झालो, आणि नाना अडकले.

मित्राला हे सगळं काल फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे उद्घाटन नाहीच? फोटो कशाचा काढायचा?"

मी म्हटलं, फोटो काढू नको. पन्नासाव्या महिन्यात पैसे कापले गेले की मला कळव.

असो. ती व्हॅन 2016 मध्ये भंगारात गेली. पत्रा कापताना माझ्या नावाचा तुकडा चुलत भावाने बाजूला काढून ठेवला, म्हणाला पुण्याला घेऊन जा. आणलाय. हॉलमधला उद्घाटनाचा फोटो परवा काढला आणि त्या खिळ्यावर तो तुकडा लावलाय. बायको वैतागली आहे, गंज भिंतीला लागतो म्हणते. लागू दे.

माझे हजार या महिन्यापासून चालू झाले. दोनशेतले अजून एकशे नव्याण्णव पाहिजेत.